हळद आणि कर्करोग : परीक्षानळीपासून रुग्णापर्यंतचे अंतर

मसाल्याच्या वनस्पतींमधील रसायने कर्करोगाला आळा घालू शकतात का, या प्रश्नावर गेल्या चार दशकांत जे संशोधन झाले, त्याचा मोठा भाग हळदीभोवती आणि हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिन या एका रसायनाभोवती फिरत राहिला आहे. या संशोधनाच्या आरंभीच्या टप्प्यात मुंबई, त्रिशूर आणि हैदराबाद येथील संस्थांनी मोलाचे काम केले. पुढे ते अमेरिका, तैवान, ब्रिटन, आर्मेनिया अशा देशांत पोहोचले आणि त्यातून हजारो शोधनिबंध प्रसिद्ध झाले. असे असूनही जगातील कोणत्याही प्रमुख औषध-नियामक संस्थेने कर्क्युमिनला कर्करोगावरील औषध म्हणून आजवर मान्यता दिलेली नाही. प्रयोगशाळेत एवढी आशा दाखवणाऱ्या रसायनाच्या पदरी रुग्णालयात एवढे थोडे का पडले, हे समजून घेणे मराठी वाचकाला दोन कारणांनी अगत्याचे आहे : हळद हे सांगली-हिंगोलीकडच्या शेतकऱ्यांचे नगदी पीक आहे, आणि कर्करोगाचे निदान झालेल्या घरात हळदीचा सल्ला देणारे कोणी ना कोणी हमखास भेटते.

मसाल्यांच्या रसायनशास्त्राचा इतिहास दोन शतकांचा आहे. फोगेल आणि पेल्तिए या दोन शास्त्रज्ञांनी १८१५ साली हळदीतून पिवळा रंगद्रव्याचा अंश वेगळा काढला. त्यानंतर चार वर्षांनी, १८१९ मध्ये, डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्तियान ओर्स्टेड यांनी काळ्या मिरीतून पायपेरिन हे तिखट चवीचे रसायन मिळवले, आणि हेच ओर्स्टेड पुढच्या वर्षी विद्युतप्रवाहाचा चुंबकसूचीवरील परिणाम दाखवून विज्ञानाच्या इतिहासात अजरामर झाले. कर्क्युमिनच्या रेणूची रचना निश्चित व्हायला मात्र १९१० साल उजाडावे लागले. वनस्पती ही रसायने माणसाच्या औषधासाठी बनवत नाहीत. कीड, बुरशी आणि जिवाणू यांच्यापासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी त्या ती बनवतात. सजीव पेशींवर परिणाम घडवण्याची क्षमता त्यांच्यात मुळातच असते ती यामुळे, आणि याच कारणाने त्यांतली काही रसायने उपकारक, काही निरुपद्रवी, तर काही घातकही ठरतात. ‘नैसर्गिक म्हणून सुरक्षित’ हा समज या साध्या जीवशास्त्रीय वस्तुस्थितीला धरून नाही.

कर्करोगाच्या संदर्भात हळदीचा शास्त्रीय अभ्यास १९८० च्या दशकात वेग घेऊ लागला. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एम. नागभूषण आणि एस. व्ही. भिडे यांनी मिरचीतील कॅप्सेसिन आणि हळदीतील कर्क्युमिन यांची जिवाणूंवरील चाचण्यांतून तुलना केली. एखादे रसायन पेशीच्या जनुकांत बदल, म्हणजेच उत्परिवर्तन, घडवते का, हे अशा चाचण्यांतून तपासता येते. उत्परिवर्तने साठत जाणे हाच कर्करोगाचा पाया असल्यामुळे या तपासणीला महत्त्व आहे. कर्क्युमिन स्वतः उत्परिवर्तन घडवत नाही, उलट इतर रसायनांमुळे होणाऱ्या उत्परिवर्तनांना ते अटकाव करते, असे या कामातून दिसून आले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने हाच धागा माणसांपर्यंत नेला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सोळा धूम्रपान करणाऱ्यांना तीस दिवस रोज दीड ग्रॅम हळद देण्यात आली, आणि त्यांच्या लघवीतील उत्परिवर्तक द्रव्यांचे प्रमाण घटल्याचे आढळले. दीड ग्रॅम म्हणजे साध्या जेवणातून पोटात जाणारी हळद. त्यामुळे या निष्कर्षाकडे साऱ्यांचे लक्ष जाणे स्वाभाविक होते. परंतु लघवीतील एखाद्या निर्देशकात घट होणे आणि कर्करोग टळणे यांच्यामध्ये अनेक वर्षांचे व अनेक पायऱ्यांचे अंतर असते, आणि तेवढ्या काळाचा अभ्यास करणे त्या प्रयोगाच्या आवाक्यातले नव्हते.

केरळमधील त्रिशूरच्या अमला कॅन्सर संशोधन केंद्रातील रामदासन कुट्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम अधिक थेट होते. १९८५ मध्ये त्यांनी हळदीचा अर्क पेशींवर आणि उंदरांतील गाठींवर वापरून पाहिला व त्यात कर्करोगविरोधी गुण असल्याचे नोंदवले. दोन वर्षांनी त्यांनी त्वचेवर किंवा तोंडात उघडी जखम झालेल्या ६२ कर्करुग्णांना हळदीचा अर्क व कर्क्युमिनचे मलम लावून पाहिले. जखमांची दुर्गंधी सुमारे ९० टक्के रुग्णांत कमी झाली, खाज जवळजवळ सर्वांची शमली, अनेकांच्या जखमा कोरड्या पडल्या. पण जखमेचा आकार आणि वेदना कमी झालेले रुग्ण साधारण १० टक्केच होते. दुसरा उपाय केलेला तुलनागट या अभ्यासात नव्हता. तरीही या अभ्यासाची किंमत कमी लेखू नये, कारण उघड्या, दुर्गंधी येणाऱ्या जखमेमुळे घरातल्या माणसांपासूनही दुरावलेल्या रुग्णासाठी दुर्गंधी कमी होणे ही फार मोठी गोष्ट असते. त्या वेळच्या मोजक्या साधनांत या संशोधकांनी रुग्णाच्या दुःखाकडे पाहिले. मात्र त्यांना जे दिसले ते आराम या सदरात मोडते, आणि कर्करोग बरा होणे ही त्याहून पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे.

१९९५ हे साल या कथेत दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, गोव्यातील माशेल येथे जन्मलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, जुन्या ग्रंथांचे आणि नियतकालिकांचे पुरावे सादर करून त्याला आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पारंपरिक ज्ञानाच्या रक्षणातील तो मैलाचा दगड होता, याविषयी दुमत नाही. परंतु हळदीच्या जाहिरातींत या विजयाचा दाखला कर्करोगासाठीही दिला जातो, तो अप्रस्तुत आहे. तो खटला जखमांपुरता होता, आणि त्यात सिद्ध झाले ते एवढेच की हळदीचा हा उपयोग भारतात आधीपासून ज्ञात होता. उपयोग जुना असणे आणि तो चाचणीत परिणामकारक ठरणे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

त्याच वर्षी ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधील भारतीय वंशाचे संशोधक भरत अग्रवाल आणि त्यांचे सहकारी यांनी कर्क्युमिन ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाच्या प्रथिनाला निष्क्रिय करते असे दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे प्रथिन पेशीकेंद्रकात शिरून दाह वाढवणारी आणि पेशीला मरू न देणारी जनुके चालू करते. अनेक कर्करोगांत ते सतत जागे राहते. साहजिकच त्याला झोपवणारे रसायन हे औषधाचे बीज ठरेल, अशी आशा निर्माण झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत कर्क्युमिन पेशींची वाढ रोखते, पेशींना स्वतःहून नष्ट होण्याच्या मार्गावर नेते, गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या बनू देत नाही, अशा नाना परींच्या परिणामांचे शोधनिबंध जगभरातून येत राहिले. दुर्दैवाने या लाटेच्या अग्रभागी असलेल्या ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेतील निबंधांतल्या चित्रांच्या विश्वासार्हतेवर आक्षेप घेतले गेले आणि तिथले दोन डझनांहून अधिक शोधनिबंध नियतकालिकांनी मागे घेतले. त्यामुळे इतरांचे सर्व काम खोटे ठरत नाही. परंतु ज्या पायावर पुढील शेकडो प्रयोगांची इमारत उभी राहिली, त्याचे काही चिरे निखळले हे मान्य करावेच लागते.

प्रामाणिक प्रयोगांच्या वाट्यालाही कर्क्युमिनच्या स्वभावामुळे एक अडचण आली. हा रेणू अनेक प्रथिनांना चिकटतो, धातूंच्या कणांना धरून ठेवतो, स्वतः प्रकाश उत्सर्जित करतो आणि पाण्यात टिकत नाही. रक्ताइतक्या आम्लता-अल्कतेच्या साध्या द्रावणात त्याचा बहुतांश भाग अर्ध्या तासात विघटित होतो. औषधशोधाच्या प्राथमिक चाचण्यांत रंग, प्रकाश किंवा प्रथिनाची सक्रियता मोजली जाते, आणि असा रेणू खरा परिणाम न करताही ती मोजमापे बिघडवू शकतो. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विस्तृत आढाव्यात हा मुद्दा सविस्तर मांडला गेला, आणि तोवर झालेल्या १२० हून अधिक चाचण्यांचा विचार करूनही कर्क्युमिनचे औषधी यश निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही, असा निर्वाळा त्या लेखकांनी दिला. हा आढावा अनेकांना कठोर वाटला. त्यातील युक्तिवाद मात्र रसायनशास्त्राचा आहे, आणि त्याला उत्तरही त्याच शास्त्राच्या भाषेत द्यावे लागेल.

यापुढचा प्रश्न मात्रेचा आहे, आणि बहुधा तोच सर्वांत निर्णायक आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्कपेशींवर परिणाम दिसण्यासाठी साधारणपणे ५ ते ५० मायक्रोमोल इतकी कर्क्युमिनची तीव्रता लागते. मायक्रोमोल हे द्रावणातील रेणूंची दाटी मोजण्याचे एकक आहे. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कर्करोगाच्या उंबरठ्यावरील विकार असलेल्या २५ रुग्णांना टप्प्याटप्प्याने वाढत्या मात्रेत कर्क्युमिन देण्यात आले. रोज ८ ग्रॅम घेऊनही त्यांच्या रक्तातील सर्वोच्च पातळी सरासरी पावणेदोन मायक्रोमोलच्या आसपास राहिली, आणि त्याहून अधिक गोळ्या गिळणे रुग्णांना अशक्यप्राय झाले. इतर चाचण्यांत तर ही पातळी याच्याही शेकडो पटींनी खाली आढळली. कारण उघड आहे : आतड्याची भिंत आणि यकृत या रेणूला त्वरित दुसऱ्या रूपात बदलून शरीराबाहेर टाकतात. आता ८ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे किती हळद, याचा हिशेब पाहावा. बाजारातील हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असते. ३ टक्के धरले तर ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून अधिक हळदपूड खावी लागेल. आपल्या आहारात दररोज जाणारी दोन-अडीच ग्रॅम हळद साठ-सत्तर मिलिग्रॅम कर्क्युमिन देते. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद कर्क्युमिनच्या वाढीव प्रमाणासाठी नावाजली जाते, आणि रंग, वास, भाव यांसाठी तो गुण मोलाचा आहे. पण या हिशेबात त्याने फारसा फरक पडत नाही. एक कप हळदीचे दूध गाठीपर्यंत औषध पोहोचवू शकत नाही, आणि हे दुधाचे किंवा हळदीचे वैगुण्य मानण्याचे कारण नाही.

तरीही शरीरात दोन जागा अशा आहेत, जिथे रक्तात न जाताही कर्क्युमिन थेट पोहोचते : तोंड आणि आतडे. म्हणून संशोधकांनी तिथे लक्ष केंद्रित केले, आणि तिथले अनुभव विशेष बोधक आहेत. आतड्यात शेकडो गाठी उगवून पुढे कर्करोगात बदलणारा एक आनुवंशिक विकार आहे. त्याच्या पाच रुग्णांना कर्क्युमिन आणि कांद्यासारख्या भाज्यांत आढळणारे क्वेर्सेटिन एकत्र दिल्यावर गाठींची संख्या सरासरी ६० टक्क्यांनी घटली, असे २००६ साली प्रसिद्ध झाले आणि मोठी खळबळ उडाली. तोच संशोधकगट तिथे थांबला नाही, ही त्यांची प्रामाणिकता. त्यांनी ४४ रुग्णांची चाचणी केली, त्यात काहींना वर्षभर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, दिली. कोणाला काय मिळते हे रुग्णांना आणि डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. २०१८ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा दोन्ही गटांतील गाठींच्या संख्येत अर्थपूर्ण फरक नव्हता. किरणोपचारामुळे होणाऱ्या त्वचादाहाच्या बाबतीतही असेच घडले. स्तनांच्या कर्करोगाच्या ३० रुग्णांच्या चाचणीत रोज ६ ग्रॅम कर्क्युमिनचा लाभ दिसला होता. पुढे ६८६ रुग्णांची चाचणी झाली तेव्हा तो लाभ टिकला नाही. लहान चाचणीत दिसलेला आशेचा किरण मोठ्या चाचणीत मावळणे ही वैद्यकशास्त्रात नित्याची गोष्ट आहे. वर्तमानपत्रांत मात्र पहिली बातमी छापली जाते आणि दुसरी बहुधा राहून जाते.

तोंडाच्या बाबतीत चित्र थोडे आशादायक आहे, आणि ते भारतासाठी महत्त्वाचे आहे. तंबाखू, सुपारी आणि गुटखा यांमुळे तोंडात पुसून न जाणारे पांढरे चट्टे येतात. त्यांना ल्युकोप्लाकिया म्हणतात आणि त्यांतील काही पुढे कर्करोगात रूपांतरित होतात. केरळमध्ये अशा २२३ रुग्णांना सहा महिने रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन किंवा प्लासिबो देण्यात आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कर्क्युमिन घेतलेल्यांपैकी ६७.५ टक्के रुग्णांचे चट्टे लक्षणीय कमी झाले, तर प्लासिबो घेतलेल्यांत हे प्रमाण ५५.३ टक्के होते. फरक खरा होता, पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या रचनेत झालेली सुधारणा दोन गटांत अर्थपूर्णपणे वेगळी नव्हती. इथे लक्षात घेण्याजोगी दुसरी गोष्ट म्हणजे औषध नसलेली गोळी घेऊनही निम्म्याहून अधिक जणांचे चट्टे ओसरले. प्लासिबोचा गट नसता तर या सगळ्या सुधारणेचे श्रेय हळदीला दिले गेले असते. ‘अमक्याला गुण आला’ या एका वाक्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक दाव्याचे असेच होते.

प्रगत कर्करोगात मिळालेले पुरावे विरळ आहेत. ह्यूस्टनमध्येच स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या २५ रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देण्यात आले. त्यांपैकी ज्या २१ जणांचे मूल्यमापन करता आले, त्यात एकाचा आजार अठरा महिन्यांहून अधिक काळ स्थिर राहिला आणि दुसऱ्या एकाची गाठ एकदम आकसली, पण अल्पकाळच. हा कर्करोग किती निष्ठुर आहे हे लक्षात घेता एकटा-दुकटा असा अनुभवही दुर्लक्षून चालणार नाही, परंतु त्यावर उपचारपद्धती उभी राहू शकत नाही. आर्मेनियात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तोंडावाटे औषध देण्याचा नाद सोडून कर्क्युमिन शिरेतून दिले. स्तनांचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १५० स्त्रियांना पॅक्लिटॅक्सेल या नेहमीच्या औषधाबरोबर आठवड्याला ३०० मिलिग्रॅम कर्क्युमिन किंवा प्लासिबो दिल्यावर गाठी आकसण्याचे प्रमाण अनुक्रमे ५१ आणि ३३ टक्के आढळले. ही या क्षेत्रातील सर्वांत उत्साहवर्धक बातमी म्हणता येईल, आणि म्हणूनच ती अन्य देशांत, मोठ्या संख्येवर, आयुष्य किती वाढते हे मोजून पुन्हा तपासली जायला हवी. शिरेतून देण्याचा हा मार्ग कोणी घरगुती वैदूगिरीचा मानू नये; कॅलिफोर्नियात २०१७ साली एका स्त्रीचा चाचणीबाहेर दिलेल्या अशा इंजेक्शननंतर मृत्यू झाला, आणि तपासणीत त्या बाटलीत लेबलवरील कर्क्युमिनच्या केवळ २ टक्क्यांच्या आसपास कर्क्युमिन आढळले.

इतर मसाल्यांपैकी आल्याची बाजू भक्कम आहे, पण ती आरामाची बाजू आहे. केमोथेरपी घेणाऱ्या ५७६ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत उलटीवरील नेहमीच्या औषधांच्या जोडीला अर्धा ते एक ग्रॅम सुंठीएवढे आले दिल्यावर पहिल्या दिवसाची मळमळ स्पष्टपणे कमी झाली. मिरचीच्या बाबतीत निष्कर्ष दोन्ही बाजूंचे आहेत : कॅप्सेसिन बशीतल्या कर्कपेशींना मारते, तर मेक्सिको शहरातील, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिरची खाणाऱ्यांत जठराच्या कर्करोगाची शक्यता सुमारे साडेपाच पट अधिक आढळली. कॅप्सेसिनचा खात्रीचा वैद्यकीय उपयोग आज दुसऱ्याच क्षेत्रात आहे; ज्या ग्राहीमुळे तिखट आणि उष्णता जाणवते तो १९९७ साली ओळखला गेला, त्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले, आणि कॅप्सेसिनची पट्टी मज्जातंतूंच्या विशिष्ट वेदनांवर अमेरिका व युरोपात मान्यताप्राप्त आहे. लसणाचा अभ्यास चीनच्या शानदोंग प्रांतातील लिंचू परगण्यात झाला आणि तो सर्वांत दीर्घकाळ चालला. १९९५ मध्ये ३३६५ रहिवाशांना विभागून हेलिकोबॅक्टर जिवाणूवर दोन आठवड्यांचे प्रतिजैविक, काही वर्षे जीवनसत्त्वे, किंवा काही वर्षे लसणाचा अर्क देण्यात आला. २२ वर्षांनंतर लसणाच्या गटात जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळले, मात्र रोग होण्याचे प्रमाण खात्रीपूर्वक घटले नव्हते. दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकाने त्याहूनही अधिक फायदा दिला.

मसाल्यांच्या यादीत कर्करोगाला पूरक ठरू शकणारी रसायनेही आहेत, आणि त्यांचा उल्लेख टाळणे वाचकाशी प्रामाणिक राहणे होणार नाही. जायफळात अल्प प्रमाणात असलेले सॅफ्रोल प्राण्यांत यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते, म्हणून अमेरिकेने १९६० मध्येच ते खाद्यपदार्थांत मिसळण्यावर बंदी आणली. तुळशीच्या जातीतील वनस्पती आणि काही मसाल्यांत असणाऱ्या मिथिलयुजेनॉलचे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ‘माणसात संभाव्य कर्करोगकारक’ असे वरच्या श्रेणीत नेले. स्वयंपाकातील चिमूटभर जायफळ वा तुळशीची चार पाने यामुळे कोणी भिऊ नये. धोका मात्रेत असतो, आणि अर्काच्या गोळ्यांत ती मात्रा कित्येक पटींनी वाढते. भेसळीचा धोका अधिक निकटचा आहे. हळदीचा पिवळेपणा उठून दिसावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार भारतीय उपखंडात सिद्ध झालेले आहेत. त्यातील शिसे मुलांच्या मेंदूला बाधते आणि त्या प्रकारचे क्रोमियम माणसात कर्करोगकारक असल्याचे निर्विवाद आहे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर येथील यंत्रणांनी निर्जंतुकीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साइडच्या अवशेषांमुळे काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली; हे रसायनही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात मोडते. कर्करोगविरोधी हळदीची चर्चा करताना हळदीतील भेसळीबद्दल मौन पाळणे हे विसंगत आहे.

वनस्पतींतून कर्करोगाचे औषध निघू शकते, याचे पुरावे मात्र आपल्या अंगणात आणि डोंगरांत आहेत. सदाफुलीतून व्हिनब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन मिळाले. ते शोधणारे मुळात मधुमेहाचे औषध शोधत होते. नंदुरबार येथे जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासह दोन रेणू वेगळे केले : एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन, ज्याची माहिती १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल, म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल, ज्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅम्प्टोथेसिनच्या सुरुवातीच्या चाचण्या रुग्णांना झालेल्या गंभीर त्रासामुळे सोडून द्याव्या लागल्या. पुढे त्याची नेमकी कार्यपद्धती कळली, डीएनएची गुंडाळी सोडवणाऱ्या एका विकरावर ते घाव घालते हे उमगले, आणि रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा रेणू बदलून इरिनोटेकॅन व टोपोटेकॅन ही पाण्यात विरघळणारी औषधे बनवली, ज्यांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हाच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतील नरक्या या झाडात असल्याचे १९७२ साली भारतीय संशोधकांनी दाखवले, आणि नंतर महाराष्ट्राच्या जंगलांतून नरक्याची इतकी बेसुमार तोड झाली की ती जातच संकटात आली. शोध आणि औषध यांच्यात तीस वर्षांचे अंतर होते, ही बाब कर्क्युमिनच्या बाबतीत धीर देणारी आहे. पण त्या तीस वर्षांत रेणूला बदलावे लागले, मूळ साल चघळून कोणी बरे झाले नाही, ही बाबही तेवढीच खरी आहे.

हळद खाणाऱ्या भारतात काही कर्करोगांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, असाही एक युक्तिवाद केला जातो. आतड्याच्या कर्करोगाबाबत आकडा खरा आहे, पण त्यामागे आहार, वजन, आयुर्मान, निदानाची सोय अशी अनेक कारणे गुंतलेली आहेत. शिवाय याच देशात २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार एका वर्षात सुमारे १४ लाख नवे कर्करुग्ण आढळले, आणि त्यात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण सुमारे १ लाख ४३ हजार होते. त्या घरांत हळद नव्हती असे नाही. तिथे तंबाखू होता.

ज्या रुग्णांवर उपचार चालू आहेत, त्यांच्यासाठी हळदीच्या गोळ्यांचा प्रश्न तर प्रत्यक्ष सुरक्षिततेचा आहे. कर्क्युमिन शरीरात टिकावे म्हणून त्यात पायपेरिन मिसळतात. बंगळूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाने १९९८ मध्ये दाखवले की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर केवळ २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यास निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता वीस पटींनी वाढते. पण पायपेरिन हे काम यकृतातील विकरे आणि आतड्यातील बाहेर ढकलणारी प्रथिने अडवून करते, आणि तीच विकरे अनेक केमोथेरपी औषधांची विल्हेवाट लावतात. म्हणजे ज्या युक्तीने कर्क्युमिन वाढते, त्याच युक्तीने दुसऱ्या औषधाची मात्राही विषारी पातळीपर्यंत वाढू शकते. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदसाखळीत हळदीच्या उत्पादनांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले गेले, त्यांपैकी एक दगावला, आणि सात जणांत एक विशिष्ट जनुकप्रकार आढळला. ऑस्ट्रेलियाच्या औषध-नियामकानेही २०२३ मध्ये याबाबत इशारा दिला. हे सर्व गोळ्या व अर्कांबद्दल आहे. वरणाच्या फोडणीतील हळद, लोणच्यातील हळद याने यकृत बिघडत नाही.

सर्वांत मोठी हानी मात्र औषधामुळे होत नाही. ती गमावलेल्या वेळेमुळे होते. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असताना प्रमाणित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांची तुलना प्रमाणित उपचार घेतलेल्यांशी केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट होता, आणि स्तनांच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूने पत्नीचा कर्करोग हळद, कडुनिंब आणि आहारनियमन यांनी बरा झाल्याचा दावा जाहीरपणे केला, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना सही करून निवेदन काढावे लागले की अशा दाव्यांना शास्त्रीय पुष्टी नाही आणि त्यावर विसंबून उपचार लांबवू नयेत. त्या दाव्यातील रुग्णेवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती, हे दावा पसरवणाऱ्या संदेशांत सोयीस्करपणे गाळले गेले.

हळदीने आजवर जे दिले ते कमी नाही : चव, रंग, जखमेवरचा दिलासा आणि शास्त्राला अजून न सुटलेले काही प्रश्न. त्या प्रश्नांची उत्तरे शिरेतून द्यायच्या नव्या रूपांत, तोंडाच्या चट्ट्यांवरील मोठ्या चाचण्यांत आणि बदललेल्या रेणूंत शोधली जावीत, आणि त्यासाठी भारतातील संस्थांना पुरेसा निधी मिळावा, कारण हे पीक आणि तोंडाचा कर्करोग या दोन्ही बाबतींत देशाइतका अनुभव दुसरीकडे नाही. तोवर वाचकांकडे आग्रहाचे मागणे एवढेच आहे. तोंडातील चट्टा, गाठ किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर हळद लावून वाट पाहू नये. जवळच्या डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना लगेच दाखवावी. उपचार चालू असलेल्या घरात हळद, मिरी, आले यांच्या गोळ्या किंवा अर्क घेतले जात असतील, तर ती गोष्ट पुढच्या भेटीत कर्करोगतज्ज्ञांना स्पष्टपणे सांगावी, आणि गोळ्यांची बाटली सोबत न्यावी.